हान्यू, युझुरु
(७ डिसेंबर १९९४– ). जपानी फिगर स्केटिंगपटू. जन्म सेंदाई येथे. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपावेळी ते तिथल्याच बर्फाच्या रिंगणात सराव करीत होते; पायांतले स्केट न काढताच त्यांना बाहेर धावावे लागले. पुढे टोरांटोत ब्रायन ऑर्सर यांच्या हाताखाली ते घडले. २०१४ (सोची) व २०१८ (प्यांगचांग) या लागोपाठच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदके जिंकली. डिक बटन यांच्यानंतर पुरुष एकेरीत असे ६६ वर्षांनी घडले. बीजिंगला (२०२२) त्यांनी साडेचार गिरक्यांची ‘ॲक्सेल’ उडी घेतली. ते पडले, चौथे आले. तरी कारकिर्दीतला सर्वांत धाडसी क्षण तोच म्हणावा लागेल. १९ जुलै २०२२ रोजी त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली.