दोर्नाकलचे बिशप अझरया

आमच्या देवळाच्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत एका अँग्लिकन बिशपांचें चरित्र पाहून कित्येकांस नवल वाटेल. ते आमच्या पंथाचे नव्हते. तथापि त्यांनीं जो प्रश्न जगापुढें मांडला, तो आमच्याहि घरचाच आहे.

वेदनायगम सॅम्युएल अझरया यांचा जन्म इ. स. १८७४ त तिनेवेल्ली जिल्ह्यांतील एका खेड्यांत देशी पाळकाच्या घरीं झाला. तरुणपणीं ते वाय. एम. सी. ए. चे चिटणीस होते. त्या कामांत एक गोष्ट त्यांच्या मनाला सलूं लागली : पुष्कळ परदेशी मिशनरी देशी बंधूंसाठीं कष्ट उपसीत, पण त्यांना आपल्या पंक्तीला बसवीत नसत. १९१० च्या जूनमध्यें एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेंत त्यांनीं हें उघड बोलून दाखविलें. त्याग पुष्कळ केलात, आतां आम्हांला मित्र द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभेंत कित्येकांस तें झोंबलें.

२९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्यें त्यांना दोर्नाकलचे बिशप म्हणून अभिषेक झाला. अँग्लिकन ख्रिस्तसभेंत एतद्देशीय मनुष्यास हा मान प्रथमच मिळत होता. दोर्नाकल तेव्हां निजामाच्या राज्यांत. तेथली भाषा तेलुगु, यांची मायबोली तामिळ. ती परकी भाषा शिकून ते बैलगाडीनें खेडोपाडीं हिंडले, आणि गांव ज्यांची सावली टाळी त्या माला व मादिगा लोकांत त्यांनीं आयुष्य वेंचिलें. साहेबांपाशीं मैत्री मागणारा हा पुरुष स्वतः कोणापाशीं जाऊन बसला, हें ध्यानांत घ्यावें. १ जानेवारी १९४५ रोजीं ते प्रभूच्या घरीं गेले.

आमचा इतिहासहि याहून निराळा नाहीं. गोव्यांतील दिवाडी बेटाचे मातेउश द कास्त्रु यांना रोमनें १६३७ त बिशप केलें. परंतु गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस मानलें नाहीं. मुंबईस व्हॅलेरियन ग्रेशस हे सहायक बिशप लाभले, ते १९४६ त.

आतां गादीवर आमचीच माणसें आहेत, तेव्हां दोष साहेबावर टाकण्याची सोय उरली नाहीं. ज्युबिलीच्या पंक्तींत आमच्या शेजारीं कोण बसतो आणि कोण दाराशीं उभा राहतो, एवढें प्रत्येकानें मान वळवून पाहावें.