निर्जन वाळवंटातल्या मुंग्या

मे महिन्यात नातू आठ दिवस राहायला आला होता. दुपारचं ऊन मी म्हणत होतं, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून स्वारी टीव्हीवर जुने इंग्रजी सिनेमे लावून बसलेली. मी शेजारी बसून गवार निवडत होते. पडद्यावर वाळवंट, धुळीचं वादळ, आणि त्यातून डोकं वर काढणारी मोटारीएवढी मुंगी! नातू हसून हसून लोळायचा बाकी होता. "आजी, बघ तरी, किती खोटी आहे!"

खोटी होतीच. पण तेवढ्यात सिनेमातला एक म्हातारा शास्त्रज्ञ सांगू लागला, की ही राक्षसी पैदास १९४५ साली न्यू मेक्सिकोच्या याच वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुबॉम्बच्या चाचणीमुळे झाली. न्यू मेक्सिको आणि १९४५ हे दोन शब्द ऐकले आणि माझी गवार तशीच राहिली. का, ते पुढे सांगतेच. त्या आठ दिवसांत आम्ही आजी-नातवाने असले सहा-सात सिनेमे पाहिले. नंतर त्यांच्याबद्दल जे मिळेल ते मी वाचून काढलं. निवृत्त माणसाला वेळ असतो, त्याचा हा उपयोग!

त्या सिनेमाचं नाव 'देम!'. दिग्दर्शक गॉर्डन डग्लस, साल १९५४. सुरुवात फार छान आहे. एक लहान मुलगी हातात बाहुली घेऊन वाळवंटातून एकटीच चालली आहे, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. पोलिसांना तिच्या कुटुंबाची फिरती गाडी मोडून पडलेली सापडते. पैसे जागच्या जागी आहेत, साखर मात्र गायब! पुढे तिच्या नाकाशी फॉर्मिक आम्लाची बाटली धरतात, मुंगीच्या अंगातलं ते आम्ल. त्या वासाने ती मुलगी किंचाळून उठते. अर्धा तास मुंगी दाखवतच नाहीत, आणि तेवढा वेळ नातूही गप्प होता. मुंगी दिसली आणि तो हसायला लागला. भीती न दिसण्यात असते, हे त्या दिग्दर्शकाला कळत होतं. पण तिकीट काढून आलेल्याला मुंगी दाखवावी तर लागणारच.

हा मोठ्या कंपनीचा सिनेमा, त्यामुळे मुंग्याही खऱ्या आकाराच्या, यंत्राने हलणाऱ्या बनवल्या होत्या. सिनेमा चालला, चांगला चालला. मग काय, रांगच लागली. १९५५ साली 'टॅरंट्युला' आला, म्हणजे अवाढव्य कोळी. (कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. सवय जात नाही!) १९५७ साली उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातून निघालेला खंडोबाचा किडा, म्हणजे आपला प्रार्थनाकीटक, थेट न्यूयॉर्कला जाऊन धडकला. त्याच वर्षी मेक्सिकोत ज्वालामुखीतून विंचू आले. एका सिनेमात तर रॉकेटमधून अवकाशात पाठवलेल्या गांधीलमाश्या आफ्रिकेत पडून हत्तीएवढ्या झाल्या. त्या काळात अमेरिकेत घरोघरी टीव्ही आला होता आणि थेटरं ओस पडत होती. तरुण मंडळी मात्र मोटारीत बसून उघड्या मैदानात सिनेमा बघायला जायची. तशी मैदानी थेटरं चार हजारांवर होती, आणि त्यांना एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला स्वस्तातला माल हवा होता. मोटारीतली जोडपी पडद्याकडे किती बघत असतील, हा भाग निराळा.

या स्वस्त मालातला माझा आवडता माणूस म्हणजे बर्ट आय. गॉर्डन. नावाची आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत 'बिग', आणि जन्मभर केलं तेही तेच, लहानाचं मोठं! हे गृहस्थ शंभर वर्षं जगले आणि २०२३ साली गेले. त्यांचा १९५७ चा 'बिगिनिंग ऑफ द एन्ड' आम्ही दोनदा पाहिला. इलिनॉय राज्यातल्या सरकारी शेतकी प्रयोगशाळेत किरणोत्साराने मोठमोठ्या भाज्या पिकवतात. त्या भाज्या नाकतोडे खातात आणि बसगाडीएवढे होतात. मग एक गाव फस्त, आणि मोर्चा शिकागोकडे.

आता एवढे नाकतोडे आणायचे कुठून? यंत्राचे करायला पैसे नव्हते. गॉर्डन यांनी टेक्सासमधून दोनेकशे खरे नाकतोडे मागवले. कॅलिफोर्नियाच्या शेतकी खात्याने अट घातली म्हणे, की फक्त नरच आणायचे, नाहीतर पैदास होऊन पिकांना धोका. खोक्यात कोंडलेल्या त्या नाकतोड्यांनी एकमेकांनाच खायला सुरुवात केली, आणि चित्रण होईपर्यंत डझनभर उरले, असं सांगतात. ते उरलेले शिकागोतल्या इमारतींच्या मोठ्या छायाचित्रांवर सोडले आणि वरून कॅमेरा लावला. एके ठिकाणी नाकतोडा चालता चालता इमारत सोडून सरळ आकाशावर पाय देतो! आम्ही तेवढा भाग चार वेळा मागे नेऊन पाहिला. पत्नी फ्लोरा यांना हाताशी धरून गॉर्डन ही कारागिरी बरीचशी स्वतःच करत. मला त्या जोडप्याचं कौतुकच वाटलं. गणेशोत्सवात थर्माकोलचा कैलास करणारी मंडळी आठवली.

"पण आजी, मुंगी खरंच एवढी होऊ शकेल?" हा प्रश्न अपेक्षितच होता. याचं उत्तर गॅलिलिओने १६३८ सालीच देऊन ठेवलं आहे. सहा मिलिमीटरची मुंगी तीन मीटरची करायची, म्हणजे पाचशे पट. पाय पाचशे पट रुंद आणि पाचशे पट जाड झाले, म्हणजे त्यांची ताकद वाढली अडीच लाख पट. वजन मात्र लांबी, रुंदी, उंची तिन्हींनी वाढणार, म्हणजे साडेबारा कोटी पट! पायांवर पाचशे पट जास्त भार. बिचारी उभीच राहू शकणार नाही, माणसं कुठली खाते? शिवाय कीटकाला फुप्फुसं नसतात, अंगावरच्या छिद्रांतून आत गेलेल्या बारीक नळ्यांवाटे हवा खेळते. एवढ्या मोठ्या देहात ती पोचायची नाही. हे सगळं जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात फार गमतीने लिहिलं आहे. हे तेच हाल्डेन, जे १९५७ साली इंग्लंड सोडून आपल्याकडे आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. नाकतोडे शिकागोला निघाले त्याच वर्षी ते कलकत्त्याला निघाले, असं मी नातवाला सांगितलं. त्याला काही त्याचं एवढं वाटलं नाही.

तर मुंगी खोटी. हे तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकांनाही कळत असणार. मग घाबरत कशाला होते? नाकतोड्यांच्या सिनेमात शेवटी लष्कर ठरवतं, की आता शिकागोवरच अणुबॉम्ब टाकायचा. आपल्याच शहरावर! ऐन वेळी आवाजाची युक्ती सुचते आणि नाकतोडे मिशिगन सरोवरात बुडतात. हे बघणारी मुलं कोण होती? त्या काळी अमेरिकन शाळांत बॉम्ब पडला तर काय करायचं याची कवायत होत असे. सरकारने त्यासाठी एका कासवाची फिल्म काढली होती. कासव जसं पाठीत शिरतं, तसं तुम्ही बाकाखाली शिरा. मी चौतीस वर्षं वर्गावर उभी होते. चाळीस मुलांना बाकाखाली बसवून हात मानेवर ठेवायला सांगायचं आणि स्वतःला ठाऊक असायचं, की या लाकडी फळीने काही अडणार नाही. त्या शिक्षिका घरी जाऊन काय करत असतील?

पण मला 'देम!' मधला एक प्रसंग सगळ्यांत जास्त लागला. एका वैमानिकाने आकाशातून उडत जाणाऱ्या राणी मुंग्या पाहिलेल्या असतात. तो खरं सांगतो, म्हणून त्याला वेड्यांच्या वॉर्डात ठेवलेलं असतं. आपले नायक, ते शास्त्रज्ञ, भेटायला येतात. त्यांना ठाऊक असतं की तो शंभर टक्के खरं बोलतो आहे. त्याची साक्ष घेतात आणि जाताना डॉक्टरांना सांगतात, याला अजून सोडू नका. सिनेमात हे कुणालाच खटकत नाही! लोकांत घबराट नको, एवढंच.

आता ती १९४५ ची खरी गोष्ट. १६ जुलैला पहाटे साडेपाचच्या सुमाराला न्यू मेक्सिकोत तीस मीटर उंच मनोऱ्यावर तो पहिला बॉम्ब फोडला. चाचणीचं नाव 'ट्रिनिटी'. सहाएक किलो प्लुटोनियमपैकी जेमतेम एक किलोचा स्फोट झाला, उरलेलं धुराबरोबर उडून वाऱ्यावर गेलं. शेकडो किलोमीटरवर लखलखाट दिसला. लोक विचारू लागले. वर्तमानपत्रांना आधीच लिहून ठेवलेलं निवेदन दिलं गेलं, की विमानतळावरच्या दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागून स्फोट झाला, कुणालाही इजा नाही.

आणि तिथे माणसं होती. तीस-पस्तीस किलोमीटरच्या टापूत गुरं पाळणारी कुटुंबं होती. पलीकडे ट्युलारोसा, कॅरिझोझो अशी गावं होती, स्पॅनिश बोलणारे शेतकरी होते, अपाची आदिवासींची वस्ती होती. कुणालाही आधी सूचना नव्हती, नंतरही हलवलं नाही. पुष्कळ घरं छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून वर्षभर पीत. राख त्याच छपरांवर पडली. रुइडोसो नावाच्या डोंगरातल्या गावी शिबिराला आलेल्या लहान मुली आकाशातून पडणारे पांढरे कण भर जुलैत बर्फ समजून अंगाला, तोंडाला लावत खेळल्या. आसपासच्या गुरांच्या पाठीवरचे केस गळले, पुन्हा आले ते पांढरे. त्यातली काही गुरं सरकारने विकत घेतली आणि तपासायला नेली. माणसांकडे तसं कुणी आलं नाही.

पुढे घराघरात कॅन्सर निघाले. १९९० साली अमेरिकेने अणुचाचण्यांच्या झळीत आलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा केला. नेवाडातल्या चाचण्यांच्या वाऱ्याखाली राहणारे त्यात घेतले, पण जिथे पहिला बॉम्ब फुटला तिथली गावं वगळली. ही माणसं सभा घेत राहिली, मेलेल्यांच्या नावाने मेणबत्त्या लावत राहिली. त्यांचा कायद्यात समावेश झाला जुलै २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांनी. २०२३ साली 'ओपनहायमर' आला तेव्हा मुलाने मला थेटरात नेऊन दाखवला. तीन तासांच्या त्या सिनेमात ही माणसं कुठेच नाहीत. १९५४ च्या सिनेमाने निदान त्या वाळवंटात एक मुलगी चालताना दाखवली होती.

आता माझी गवार का राहिली, ते. नातू गेल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढून घेतली. माझ्या टाचणवह्या त्यात आहेत, सगळ्या नाहीत, पण दहाएक असतील. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्याचं टाचण सापडलं. माझंच अक्षर, तेव्हा बरंच वळणदार होतं. 'अमेरिकेने न्यू मेक्सिकोच्या निर्जन वाळवंटात पहिली यशस्वी चाचणी केली.' हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं. निर्जन! कुठून आला हा शब्द माझ्याकडे? पुस्तकात होता की मीच शोभेला घातला, आता सांगता येत नाही. १९७४ साली पोखरणची बातमी आली तेव्हा मी नोकरीला नवीन होते. पेढे वाटले होते शाळेत. त्या दिवशीही फळ्यावर 'निर्जन' हाच शब्द लिहिल्याचं मला स्वच्छ आठवतं. तिथे कोण राहतं, असा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही. बाईंनी फळ्यावर लिहिलंय म्हटल्यावर कोण विचारणार?

टाचणवहीत मी तो शब्द लाल पेनने खोडला आहे. माझे जुने विद्यार्थी अधूनमधून इथे डोकावतात, प्रतिक्रियाही देतात. त्यांच्यापैकी कुणाकडे नववीची इतिहासाची वही चुकून राहिली असेल, तर त्यांनीही खोडावा. आणि घरात मुलं असतील, तर मुंग्यांचा तो सिनेमा जरूर दाखवा. पहिला अर्धा तास दिवे बंद करून.