फांदीपासून वृक्ष : छाट-लागवडीची परंपरा आणि माणूस-वृक्ष नात्याचा इतिहास (सोनारी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाचे क्षेत्र म्हणून परिचित आहे. हा सारा परिसर अवर्षणप्रवण आहे. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात आहे, तर २०१५-१६ ची टंचाई आजच्या विद्यार्थ्यांनीही अनुभवली आहे. अशा प्रदेशात झाड जगविणे हे कष्टाचे काम असते. बियांपासून रोप वाढविण्यापेक्षा जिवंत झाडाची फांदी रोवणे सोपे, म्हणून शेताच्या कडेला शेर, परसात शेवगा आणि पारावर वड अशी फांदीपासूनची लागवड दख्खनच्या खेड्यांत पूर्वापार होत आली आहे. या पद्धतीस आज छाट कलम म्हणतात. ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. बोरूची लेखणी आणि लावण्यासाठी कापलेली फांदी या दोहोंना तो एकच शब्द लागू झाला.

फांदी लावणाऱ्या माणसाला त्या झाडाविषयी जे ममत्व वाटते ते कशातून निर्माण होते, या प्रश्नाचा ऐतिहासिक साधनांच्या आधारे शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मार्गांवर वड लावल्याचा व आमराया केल्याचा उल्लेख आहे. माणसांना व जनावरांना सावली मिळावी हा त्यामागील हेतू तेथे स्पष्टपणे नोंदविला आहे. लागवडीची पद्धत मात्र त्या लेखात सांगितलेली नाही. ती आढळते सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत. या ग्रंथातील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष इत्यादी झाडे कांडापासून लावण्याजोगी म्हणून सांगितली असून कांडाला शेणाचा लेप द्यावा असा निर्देश आहे. कापलेला भाग लवकर सुकू नये, हा या लेपाचा व्यवहारातील उपयोग सहज लक्षात येतो.

आधुनिक वनस्पतिशास्त्राने या क्रियेचे कारण स्पष्ट केले आहे. फांदीच्या शेंड्याकडून खाली येणारी संप्रेरके कापलेल्या टोकाशी साठतात, तेथील पेशींची वाढ होते आणि त्यांतून आगंतुक मुळे फुटतात. बियांपासून उगवलेले रोप हे मातापित्यांहून वेगळे असे नवे झाड असते. फांदीपासून झालेले झाड मात्र आनुवंशिकदृष्ट्या मूळ झाडच असते. आजोबांनी लावलेल्या वडाची फांदी नातवाने रोवली, तर नातू आजोबांचाच वड पुढे नेत असतो.

बोधिवृक्षाची शाखा

या सातत्याचे सर्वांत बोलके उदाहरण बोधिवृक्षाचे आहे. महावंस या सिंहली बखरीनुसार अशोककन्या संघमित्रा हिने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बोधगयेच्या वृक्षाची शाखा श्रीलंकेत नेली व ती अनुराधपूर येथे लावण्यात आली. पुढे बोधगयेतील वृक्ष अनेकदा नष्ट झाला. तेथील जुना वृक्ष १८७६ मध्ये कोसळल्यावर अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या काळात, १८८१ मध्ये, नव्याने रोप लावले गेले. अनुराधपूरची शाखा मात्र टिकून राहिली. महाराष्ट्राशी या इतिहासाचा प्रत्यक्ष संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. त्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या शाखांपासून वाढलेला आहे. ज्या भूमीतून शाखा गेली, त्याच भूमीत ती सुमारे बावीसशे वर्षांनी परतली. नव्याने धम्म स्वीकारणाऱ्या समाजाला आपल्या प्राचीन वारशाशी जोडणारा इतका जिवंत दुवा दुसरा क्वचितच असेल.

आज्ञापत्रातील दृष्टी

झाडाविषयीच्या ममत्वाची राज्यव्यवहाराने घेतलेली दखल मराठी साधनांत आढळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (१७१५-१६) आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी स्पष्ट मर्यादा घालून दिल्या आहेत. हे आज्ञापत्र अनेकदा थेट शिवछत्रपतींचे म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात ते कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात सिद्ध झाले असून त्यात शिवकालीन राज्यनीतीचे सार आले आहे. आंबा, फणस यांचे लाकूड आरमारास उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, असे त्यात बजावले आहे. त्याची कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ जतन करून वाढविलेली असतात आणि ती तोडली तर रयतेच्या दुःखाला पारावार उरत नाही, असे अमात्य सांगतात. झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून व मोबदला देऊनच ते तोडावे, अशीही अट आहे.

येथे ममत्वाचा आधार म्हणून झाडाची जात, त्याचे पावित्र्य किंवा लाकडाचे मोल सांगितलेले नाही. जतन करण्यात गेलेला काळ हा तो आधार आहे.

सोनारीच्या शिवारातील प्रतिउदाहरण

हे प्रतिपादन सोनारीच्याच शिवारात तपासून पाहता येते. सोनारी येथे आज साखर कारखाना आहे. ऊस हे पीक बियांपासून न लावता कांड्यांपासून लावतात. एक डोळ्याची, दोन डोळ्यांची वा तीन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली जाते. महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित असलेला को ८६०३२ हा वाण १९९६ मध्ये प्रसारित झाला. मूळ एका रोपापासून कांड्यांनी वाढवीत नेलेला हा वाण आज असंख्य शेतांत उभा आहे. म्हणजे संख्येचा विचार केला तर छाट-लागवडीचा सर्वांत मोठा विस्तार उसातच झालेला आहे.

तथापि उसाच्या एखाद्या बेटाविषयी शेतकऱ्यास परसातल्या शेवग्यासारखी माया वाटत नाही. त्याची काळजी पिकाविषयी, दराविषयी व तोडणीच्या पाळीविषयी असते. वर्ष-दीड वर्षात लावण तुटते, खोडवा घेतला जातो आणि पुढे बेणे बदलले जाते. फांदी रोवण्याच्या कृतीतून आपोआप नाते जुळत नाही, हे यावरून स्पष्ट होते. रोवलेल्या फांदीला दोन-तीन उन्हाळे पाणी घालावे लागते, शेळ्यांपासून तिला राखावे लागते आणि पहिली पालवी कधी फुटते याची वाट पाहावी लागते. या काळात माणूस त्या झाडाशी जोडला जातो.

वर्तमानकालीन महत्त्व

महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी व ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची वाढती उद्दिष्टे ठेवली. महाविद्यालयांनीही त्यांत सहभाग घेतला. आपल्या अहवालांत लावलेल्या रोपांचा आकडा असतो, पण तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती झाडे उरली याची नोंद अभावानेच आढळते. आज्ञापत्राची कसोटी लावली तर हे अहवाल अपुरे ठरतात.

दुसरीकडे रस्तारुंदीकरणात जुने वड तोडले जात आहेत. तुटलेल्या वडाच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर रोवल्यास त्यांना मुळे फुटू शकतात. ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे नेमक्या त्याच सुमारास, शहरांतून वडाच्या डहाळ्या पूजेसाठी विकल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. त्या कोवळ्या डहाळ्या सहसा जगत नाहीत. परंतु पूजेसाठी डहाळी तोडण्याऐवजी गावातील जुन्या वडाची एक जाड फांदी दरवर्षी रोवली, तर व्रताचा आशयही राहील आणि वडही पुढे चालेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की छाट-लागवडीने झाडाचे सातत्य राखले जाते, आणि जतनाच्या काळातून माणसाचे त्या झाडाशी नाते जडते. बोधिवृक्षाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, उसाच्या बाबतीत केवळ पहिली घडली. सोनारीसारख्या गावातील जुन्या वृक्षांची नोंद करणे, त्यांच्या फांद्या महाविद्यालयाच्या परिसरात लावणे आणि प्रत्येक झाडापुढे ते कोणत्या वृक्षाचे, कोणी लावले व कोणी जगविले हे लिहून ठेवणे, हे इतिहास व वनस्पतिशास्त्र या दोन विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे कार्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. तीन उन्हाळे पाणी घालण्याची तयारी मात्र हवी.