बेट कोणी खाल्ले?

नकाशात बेटाची कड ठळक रेषेने काढलेली असते. काही बेटे मात्र त्या रेषेत राहत नाहीत. अमेरिकेच्या मेरीलँड आणि व्हर्जिनिया राज्यांच्या किनाऱ्याला समांतर पसरलेले, सुमारे ६० किलोमीटर लांबीचे ॲसाटीग हे वाळूचे बेट त्यांपैकीच एक.

ऑगस्ट १९३३च्या चक्रीवादळात ओशन सिटी गावाच्या दक्षिणेला वाळूचा सलग पट्टा फुटला आणि ॲसाटीग वेगळे झाले. मच्छीमारांना ही नवी वाट सोयीची होती. ती बुजू नये म्हणून १९३४-३५ मध्ये तिच्या दोन्ही बाजूंना दगडी बांध घातले गेले. येथील लाटा वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहून नेतात. ही वाळू आता उत्तरेच्या बांधाशी अडली. ओशन सिटीची पुळण रुंदावली, ॲसाटीगची रसद मात्र तुटली. समुद्राकडची बाजू झिजू लागली. वादळी लाटा तिथली वाळू बेटावरून पलीकडे, मागच्या खाडीकडे लोटत. असे करत बेटाचे उत्तर टोक पश्चिमेला सरकत गेले.

तरीही १९५०च्या दशकात या बेटावर हजारो भूखंड विकले गेले. मार्च १९६२च्या वादळाने तिथला रस्ता आणि बहुतेक घरे उद्ध्वस्त केली. १९६५ मध्ये बेट राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखले गेले. २००४ मध्ये वाटेच्या मुखाशी साठलेली वाळू उपसून ॲसाटीगजवळ टाकण्याचे काम सुरू झाले.

झीज आणि भर शिकवताना विद्यार्थ्यांना जरूर विचारावे : हे बेट समुद्राने खाल्ले, की बांधाने?