सिकंदराचा गुरू, टेलिप्रिंटरवर

‘एआय’ मुलांना शिकवणार, प्रत्येक मुलाला स्वतःचा मास्तर मिळणार, अशा बातम्या सध्या रोज येतात. तुमच्याकडून आलेल्या प्रश्नांमध्येही सगळ्यात जास्त प्रश्न याच विषयावरचे होते, आणि त्यातले बरेच शिक्षकांचे. आता मी काही ज्योतिषी नाही. पण हेच आश्वासन साठेक वर्षांपूर्वी एका माणसाने दिलं होतं. नुसतं देऊन तो थांबला नाही, पुढची चार दशकं ते तपासत राहिला आणि तपासाचे कागद मागे ठेवून गेला. ते कागद चाळणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

माणसाचं नाव पॅट्रिक सुपीझ. स्पेलिंग बघून आपण ‘सप्पेस’ म्हणू, पण उच्चार सुपीझ. १९२२ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा इथे जन्म, २०१४ मध्ये निधन. त्यांची कागदपत्रं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत, आणि त्यांचे शेकडो लेख इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. मी जे बोलणार आहे ते मुख्यतः या लेखांवर आणि सत्तरच्या दशकात त्यांनी लिहिलेल्या बौद्धिक आत्मवृत्तावर आधारलेलं आहे.

गंमत म्हणजे हा गृहस्थ ना इंजिनिअर, ना शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक. पदवी हवामानशास्त्राची, कारण दुसरं महायुद्ध चालू होतं आणि सैन्याला हवामान सांगणारे हवे होते. त्या नोकरीत ते प्रशांत महासागरातल्या बेटांवर होते. युद्ध संपल्यावर कोलंबिया विद्यापीठात अर्नेस्ट नेगल यांच्याकडे तत्त्वज्ञानात पीएचडी केली आणि १९५० मध्ये स्टॅनफर्डला आले, ते कायमचेच. तर्कशास्त्र, संचसिद्धान्त, संभाव्यता, मापन म्हणजे नेमकं काय, हे त्यांचे विषय. १९५७ चं त्यांचं तर्कशास्त्राचं पाठ्यपुस्तक आणि १९६० चं संचसिद्धान्ताचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी वापरलं आहे.

मग हा माणूस पहिली-दुसरीच्या मुलांच्या बेरजांकडे वळला कसा? आत्मवृत्तात कारण अगदी घरगुती आहे. १९५६ मध्ये त्यांची मोठी मुलगी बालवर्गात जायला लागली, आणि लहान मुलं गणिताच्या कल्पना कशा आत्मसात करतात हा प्रश्न घरातच उभा राहिला. त्याच्याच जरा आधी विल्यम एस्टिस या मानसशास्त्रज्ञाबरोबर ‘शिकणं’ या क्रियेचं गणित मांडण्याचं काम सुरू झालं होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या. मला यातली एक गोष्ट फार आवडते. बहुतेक तत्त्वज्ञ ‘ज्ञान म्हणजे काय’ यावर खुर्चीत बसून लिहितात. या माणसाने ठरवलं की प्रश्न खरा असेल तर मोजता आला पाहिजे. आणि मोजायचं तर एकेका मुलाचं एकेक उत्तर, एकेका सेकंदासकट नोंदलं गेलं पाहिजे. त्या काळी हे करू शकणारं यंत्र एकच होतं.

१९६३ मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या संस्थेत संगणकावर शिकवण्याचा प्रकल्प सुरू झाला. सहकारी होते रिचर्ड ॲटकिन्सन, जे पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. संगणक होता पीडीपी-१. १९६५ च्या वसंतात ४१ मुलांच्या एका चौथीच्या वर्गात एक टेलिटाइप यंत्र ठेवलं गेलं. जुन्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये बातम्या ओकणारा टेलिप्रिंटर ज्यांनी पाहिलाय त्यांना ते लगेच डोळ्यासमोर येईल. पडदा नाही, चित्र नाही. कागदाचं भेंडोळं, खडखडाट, आणि टेलिफोनच्या तारेने दूरवर जोडलेला संगणक.

मुलाने आपलं नाव टाइप करायचं. यंत्र गणित छापणार, मूल उत्तर देणार. चुकलं तर ‘नाही, पुन्हा प्रयत्न कर’. पुन्हा चुकलं तर बरोबर उत्तर छापून पुढे. फार वेळ लावला तर ‘वेळ संपली’. रोजची काही मिनिटं, बस्स. एकेका घटकाला सात दिवस: पहिल्या दिवशी चाचणी, मधले पाच दिवस सराव, सातव्या दिवशी पुन्हा चाचणी. सरावाच्या पाच पातळ्या होत्या. काल ८० टक्के किंवा जास्त बरोबर आलं तर आज एक पातळी वर, ६० च्या खाली आलं तर एक पातळी खाली, मधे असाल तर आहात तिथेच. आज ज्याला ‘ॲडाप्टिव्ह लर्निंग’ म्हणून मोठमोठ्या किमतीला विकतात, त्याचं बीज इतकं साधं आहे.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६६ मध्ये, ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचा लेख आला, आणि त्यात ते प्रसिद्ध आश्वासन आहे. त्याचा मतितार्थ असा, की मॅसिडोनच्या फिलिप राजाच्या मुलाला, म्हणजे आपल्या सिकंदराला, राजपुत्र म्हणून जे मिळालं, म्हणजे ॲरिस्टॉटलसारखा जाणता आणि ऐकून घेणारा खासगी गुरू, ते काही वर्षांत लाखो शाळकरी मुलांना मिळेल.

काही वर्षांत! एकीकडे ‘वेळ संपली’ छापणारा टेलिप्रिंटर, दुसरीकडे ॲरिस्टॉटल. ही दरी त्यांना दिसत नव्हती असं नाही. त्याच लेखात सराव, समजावून शिकवणं आणि खरा संवाद अशा वेगवेगळ्या पायऱ्या त्यांनी मांडल्या आहेत, आणि संवादाची पायरी अजून दूर आहे हेही म्हटलं आहे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो सिकंदर. आश्वासनांचं असंच होतं.

आता मला थोडं रेंगाळायचंय, कारण खरी दौलत इथे आहे. या यंत्रांतून उत्तरांचा आणि वेळांचा ढीग बाहेर पडत होता. सुपीझ आणि त्यांचे विद्यार्थी त्यावर तुटून पडले. कुठलं गणित अवघड आणि का? हातचा आला की किती फरक पडतो? ५ + ४ = ? यापेक्षा ५ + ? = ९ मुलांना जड का जातं? १९६७ मध्ये सुपीझ आणि गाय ग्रोएन यांनी पहिलीतल्या मुलांच्या साध्या बेरजा तपासल्या. ३ + ८ करताना मूल काय करत असेल? आधी तीन मोजून मग पुढे आठ मोजत असेल, की आठापासून सुरू करून तीन पुढे जात असेल? लागलेला वेळ सांगतो. वेळ ठरतो तो लहान संख्येवर. म्हणजे मूल मोठी संख्या धरून ठेवतं आणि लहान तेवढी मोजतं.

आपल्याकडच्या कुठल्याही पहिलीच्या बाई हसून म्हणतील, ‘आठ मनात, तीन हातात, हेच ना?’ हेच. फरक एवढाच की आपण ते शिकवतो. ग्रोएन आणि लॉरेन रेझनिक यांनी १९७७ मध्ये दाखवलं की शाळेत न गेलेल्या मुलांना फक्त लांबची पद्धत, दोन्ही संख्या मोजायची, शिकवली तरी त्यातली काही सरावाच्या ओघात ही जवळची वाट आपली आपण शोधून काढतात. सरावाला ‘घोकंपट्टी’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरा थांबून वाचावा असं माझं मत आहे.

नाकं मुरडणारे होतेच. सीमोर पेपर्ट यांची टीका गाजलेली आहे: या पद्धतीत संगणक मुलाला प्रोग्रॅम करतो, खरं तर मुलाने संगणकाला प्रोग्रॅम करायला हवं. वाक्य टाळीचं आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या मुलाला सरावच मिळत नाही त्याचं काय, हा प्रश्न त्या टाळीत बुडून जातो.

आणि असं मूल कुठे होतं? १९६६ मध्ये स्टॅनफर्डपासून हाकेच्या अंतरावरच्या, पण गरीब आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या ईस्ट पालो आल्टोमधल्या ब्रेंटवुड शाळेत, आयबीएमचा नवा संगणक, पडदे, प्रकाश-लेखणी आणि ध्वनी यांसकट, पहिलीच्या मुलांसाठी बसवला गेला. गणित सुपीझ बघत होते, वाचन ॲटकिन्सन. १९६७-६८ मध्ये सराव थेट मिसिसिपी राज्यातल्या मकोम गावात पोचला. १९६४ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या घरांवर आणि चर्चवर झालेल्या बॉम्बस्फोटांनी गाजलेलं हे गाव.

निकाल १९६९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. मिसिसिपीत पहिली ते सहावी सगळ्या इयत्तांत संगणकावर सराव करणारी मुलं स्पष्टपणे पुढे. कॅलिफोर्नियात मात्र चित्र मिश्र: काही इयत्तांत फायदा, काहींत नाही. का? तिथे तुलनेसाठी निवडलेल्या एका शाळेतल्या शिक्षकांनी आपणहून रोज गणिताला जादा वेळ द्यायला, सराव घ्यायला सुरुवात केली होती. त्या मुलांनी संगणकवाल्यांना गाठलं. खडूने यंत्राची बरोबरी केली, आणि ही गोष्ट यंत्रवाल्यांनी स्वतःच छापली. सुपीझ यांच्याबद्दल माझा आदर वाढला तो इथे.

मधल्या काही गोष्टी भराभर सांगतो. १९६७ मध्ये त्यांनी ‘कॉम्प्युटर करिक्युलम कॉर्पोरेशन’ ही कंपनी काढली, तिचे सराव-पाठ अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांत खूप गेले, आणि १९९० मध्ये ती ‘सायमन अँड शुस्टर’ प्रकाशनाला विकली गेली. १९७२ पासून स्टॅनफर्डमधला प्राथमिक तर्कशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्णपणे संगणकावर गेला, व्याख्यानं बंद. तिथे मात्र ठरलेल्या उत्तराशी जुळवणी नव्हती. विद्यार्थ्याने आपल्या वाटेने सिद्धता लिहायची आणि प्रत्येक पायरी नियमात बसते की नाही ते यंत्राने तपासायचं. ॲरिस्टॉटलच्या सर्वांत जवळ ते इथेच पोचले, असं मला वाटतं. तर्कशास्त्र हा तसाही ॲरिस्टॉटलचाच विषय!

पण त्यांच्या कामातलं सगळ्यात धीट पान संगणकाचं नाहीच. ते रेडिओचं आहे.

सत्तरच्या दशकात निकाराग्वात प्राथमिक शाळांच्या गणितासाठी प्रकल्प ठरला. पैसे अमेरिकी सरकारच्या विकास संस्थेचे, काम सुपीझ यांच्या स्टॅनफर्डच्या गटाचं. बार्बरा सर्ल आणि जेमसीन फ्रेंड यांनी तो उभा केला. खेड्यातल्या शाळेत संगणक नेणं अशक्य होतं. मग त्यांनी विचारलं, की गेल्या दहा वर्षांत आपण जे शिकलो त्यातलं यंत्राशिवाय काय उरतं? उरलं ते असं: थोडं थोडं, रोज, वेगवेगळे घटक मिसळून; आणि मुलाने सतत उत्तर दिलं पाहिजे. रोज साधारण अर्ध्या तासाचा पाठ. रेडिओ प्रश्न विचारतो, थांबतो, वर्ग मोठ्याने उत्तर देतो, रेडिओ बरोबर उत्तर सांगतो. मुलं गातात, उभी राहतात, वहीत लिहितात. नंतरचा भाग शिक्षक घेतात. रेडिओला कुठलं मूल चुकलं ते कळत नाही, पातळी बदलता येत नाही. वैयक्तिक शिकवणीचं तत्त्वच इथे सोडून दिलेलं आहे! तरीही रेडिओवाल्या वर्गांचे गुण नेहमीच्या वर्गांपेक्षा बरेच वर गेले. १९७९ मध्ये निकाराग्वात क्रांती झाली आणि प्रकल्प संपला, पण ही पद्धत पुढे केनिया, होंडुरास, बोलिव्हिया अशा देशांत वापरली गेली.

आपल्या बाजूची एक गोष्ट सांगतो, कारण ती या कागदांच्या अगदी शेजारी ठेवण्यासारखी आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत वडोदरा आणि मुंबईच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या कामाची मोजणी अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी केली. निबंध २००७ चा आहे. वडोदऱ्यात सरकारने शाळांना प्रत्येकी चार संगणक दिलेले होते आणि लहान मुलांच्या हाताला ते जवळजवळ लागतच नव्हते. तिथे चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघं, असे पातळीनुसार बदलणारे गणिताचे खेळ दिले. गणितात मुलं चांगलीच पुढे गेली. कार्यक्रम थांबून वर्ष झालं तेव्हा त्यातला बराच फायदा ओसरलेला होता.

त्याच निबंधात मुंबईचा आणि वडोदऱ्याचा दुसरा प्रयोगही आहे: बालसखी. वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी, तुटपुंज्या मानधनावर, मागे पडलेल्या मुलांचा छोटा गट घेऊन रोज दोन तास बसते. त्यानेही मुलं पुढे गेली. आणि दर मुलामागच्या खर्चाचा हिशोब मांडला तेव्हा बालसखी संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त पडली.

पुढच्या भागात पेपर्ट आणि त्यांचं कासव. भेटूच.