विकत न मिळणारी गोष्ट

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. पण माणसं वाचवण्याचाही एक इतिहास असतो, आणि तो पाठ्यपुस्तकात फारसा येत नाही. आज त्यातलंच एक पान.

१६६७ साली पॅरिसमध्ये देनी नावाच्या डॉक्टरने एका पंधरा वर्षांच्या मुलाला चक्क कोकराचं रक्त दिलं! मुलगा बचावला, पण पुढे दुसरा एक रुग्ण दगावला, खटला झाला आणि हे प्रयोग बंद पडले. कोणाचं रक्त कोणाला चालतं हे कळायला सव्वादोनशे वर्षं जावी लागली. १९०१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध जगापुढे मांडला. त्यांचा जन्मदिवस १४ जून, म्हणून त्या दिवशी जागतिक रक्तदाता दिन पाळतात. १९१४ च्या सुमारास सोडियम सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही हे समजलं, आणि रक्त बाटलीत साठवता येऊ लागलं.

शास्त्राने आपलं काम केलं. पण बाटली भरायची कोणी?

लंडनमध्ये १९२१ साली पर्सी ऑलिव्हर या रेडक्रॉसच्या कार्यकर्त्याने स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांची यादी केली. हॉस्पिटलचा फोन आला की रात्री-अपरात्रीही माणूस निघायचा. मोबदला काही नाही!

आपल्याकडे मात्र बरीच वर्षं रक्त विकलं जाई. पोटासाठी रक्त विकणारा माणूस आजार लपवणारच, त्याला तरी दोष कसा द्यावा? पण तो आजार रुग्णाच्या अंगात जाई. १९८० नंतर एड्स आला आणि हा धोका फारच वाढला. अखेर 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं.

माझ्या मते हा निकाल शाळेत शिकवायला हवा. कारण त्या दिवसापासून रक्तपेढीची सगळी भिस्त आपल्या चांगुलपणावर आली. रक्त कारखान्यात तयार होत नाही आणि फार दिवस टिकतही नाही. तांबड्या पेशी सहा आठवड्यांपर्यंत, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. म्हणजे एका दिवशी मोठं शिबिर घेऊन वर्षाची बेगमी होत नाही. थॅलेसेमियाच्या लेकरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, आणि रक्तपेढ्या रिकाम्या. त्या लेकरांना सुट्टी कुठली?

आणखी एक गोष्ट. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना मुंबईत एक अगदी दुर्मिळ रक्तगट सापडला. त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. या लोकांना 'ओ' गटाचंही रक्त चालत नाही, त्यांच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचं लागतं. आपण त्या गटाचे आहोत हे अनेकांना तपासणीनंतरच कळतं.

असो. रक्तदानाची वयोमर्यादा ६५ आहे. मी सत्तरी ओलांडली, माझं रक्त आता कोणी घेत नाही. म्हणून नातवंडांनो, तुम्हाला सांगतो. वय १८ पूर्ण, वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असलं की झालं. मुलांनी तीन महिन्यांनी, मुलींनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावं. वाढदिवसाला केक कापाच, पण त्याआधी रक्तपेढीत जाऊन या!