आईची वही

प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडलेला आठवतो ना? पुढे इतिहास शिकवताना मी बार्बरा सीमन यांच्याबद्दल वाचलं. त्या अमेरिकेतल्या मासिकांत स्त्रियांच्या आरोग्यावर लिहीत. गर्भनिरोधक गोळीने होणारे त्रास वाचक बायका त्यांना पत्रांनी कळवत. त्यावरून १९६९ साली सीमन यांचं पुस्तक आलं, १९७० मध्ये सिनेटपुढे सुनावणी झाली. गोळी घेणाऱ्या बायकांना साक्षीला बोलावलंच नव्हतं! मग प्रेक्षकांतल्या बायकाच उठून प्रश्न विचारू लागल्या. पुढे गोळ्यांच्या पाकिटात माहितीचा कागद आला. सीमन यांची कागदपत्रं आज हार्वर्डच्या श्लेसिंगर ग्रंथालयात जपलेली आहेत.

माझी आई दुखण्याखुपण्याची वही लिहायची. ती गेल्यावर, इतिहासाचा शिक्षक असूनही, मी ती रद्दीत घातली.